मुखवट्यावरचा क्लिअर कोट

वीरभद्राचा चेहरा सडल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा चनमल्लप्पा काकांना माझी डिग्री आठवली.

चनमल्लप्पा काका आमच्या भावकीतले आणि गल्लीतल्या वीरभद्राच्या देवळाचे मुख्य पंच. एरवी रस्त्यात भेटले की "लग्नाचं काय ठरलं?" एवढंच विचारतात. त्या रविवारी मात्र सकाळीच घरी आले आणि चहा नको म्हणाले. म्हणजे काम मोठं होतं.

"भुवनेश्वरी, तू ते केमिकलमध्ये हाईस न्हवं?"

"कोटिंगमध्ये, काका. चिंचोळी एमआयडीसीत. लोखंडी भागांवर रंगाचा थर देतात, तो नीट बसलाय का ते मी लॅबमध्ये तपासते."

"तेच की. लावलेलं कळतंय म्हंजे काढायचं पण कळत असंल."

स्वयंपाकघरात अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापत होती. तिच्या हातांचा आवाज थांबला.

काकांनी फोन पुढे केला. फोटोत आमच्या देवाचा पितळी मुखवटा होता. हातभर उंच, जाड मिशांचा, कपाळावर उभा डोळा, दोन्ही कानांवर नाग. गालांवर पांढुरके ढग आले होते. मिशीच्या कडेनं हिरवे ठिपके, उभ्या डोळ्याभोवती काळपट चट्टा. वरचा पारदर्शक थर जागोजागी फोडासारखा फुगला होता.

"गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय हे. खाली लिवलंय, देवाला कांजिण्या आल्या. पुढच्या सोमवारी पालखी हाय. लोकं हसतील की गं."

"काका, हा थर दिला कुणी?"

"बसूनं दिला. भक्तीनं दिला."

अव्वा बाहेर आली. हाताला पीठ तसंच. तिनं फोटोकडे बघितलं, आत गेली, आणि पुढची भाकरी इतक्या जोरात थापली की काका उठून उभे राहिले.

"संध्याकाळी देवळात ये," एवढं म्हणून ते गेले.

माझा राग त्या रविवारचा नव्हता. तो दोन वर्षं जुना होता, आणि अव्वाचा तर त्याहून जुना असावा.

आमच्या देवळात बायका गाभाऱ्यात जात नाहीत. आमच्या समाजात जन्मलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात छोटं शिवलिंग बांधतात, मुलगा असो की मुलगी. अव्वा रोज सकाळी स्वतःचं ते इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते, मध्ये कुणी स्वामी लागत नाही. पण गल्लीच्या कोपऱ्यावरच्या देवळात तीच अव्वा उंबऱ्याच्या बाहेर. याचं कारण मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा "पद्धत हाय" असं उत्तर मिळालं होतं. एम.एस्सी. झाल्यावर पुन्हा विचारलं, उत्तर तेच होतं.

या पद्धतीत एक फट होती. पालखीच्या आदल्या दिवशी मुखवटा घासायचा मान आमच्या घराचा. घरातल्या सुनेनं चिंच आणि विटकरीची पूड घेऊन गाभाऱ्यात जायचं, मुखवटा मांडीवर घ्यायचा, घासायचा, शेवटी विभूतीनं चकाकी आणायची. वर्षातून तेवढा एक दिवस. अव्वा मैंदर्गीहून लग्न होऊन या घरात आली त्या वर्षापासून हे काम तिच्याकडे होतं. मी उंबऱ्याबाहेर बसून ऐकायचे. घासता घासता ती देवाला कन्नडमध्ये रागवायची, लहान पोराचं तोंड धुताना रागवतात तसं. शेजारणी, माझ्या अप्पांची, म्हणजे वडिलांची, बार्शीची नोकरी, माझे मार्क, सगळं त्याला सांगायची. बाहेर यायची तेव्हा तिचे हात चिंचेनं पांढरे पडलेले असायचे आणि चेहरा अंघोळ केल्यासारखा असायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या पालखीत चनमल्लप्पा काकांनी एक नवीन विसावा ठेवला. त्यांच्या मुलाच्या, बसू अण्णाच्या गॅरेजसमोर. बसू अण्णा चारचाकीच्या पत्र्याचं आणि रंगाचं काम करतो. पालखी थांबली, आरती झाली, प्रसाद वाटला, आणि तेवढ्यात मुखवटा आत नेऊन त्याच्यावर गाडीला मारतात तो क्लिअर कोट मारला. धुतला नाही, पुसला नाही. कपाळाचं कुंकू, गालांवरचं गंध, त्या दिवशीचं तेल, सगळ्यावरून फवारा. मुखवटा काचेसारखा चमकायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी अव्वा भिजवलेली चिंच घेऊन देवळात गेली, तर काका उंबऱ्यात उभे.

"आता गरज न्हाय, वैनी. चमकतोय की. तुमाला कशाला उगं त्रास?"

अव्वा घरी आली. ती सगळी चिंच तिनं आमटीत घातली. आमटी इतकी आंबट झाली की आम्ही कुणी तोंडात घेऊ शकलो नाही. तिनं एकटीनं पातेलं संपवलं.

संध्याकाळी मी देवळात गेले ते हे सगळं डोक्यात घेऊन.

गाभाऱ्याला खिडकी नाही. दार माझ्या खांद्याएवढं, आणि आतली फरशी सभामंडपापेक्षा पायरीभर खाली. नंदादीप फरशीवरच, दगडात कोरलेल्या खळग्यात जळत असतो. त्याच्या मागे चौथऱ्यावर मुखवटा.

मी वाकून आत बघत होते तेवढ्यात शिवयोगी स्वामी, आमचे पुजारी, खाकरले. "बाई, उंबरा."

"तपासायचं तर हात लावावा लागेल, स्वामी."

"तू हितनं सांग," काका म्हणाले. "बसू आत करतोय."

तर मी उंबऱ्याबाहेर उकिडवी बसले आणि माझ्याच विषयाचं प्रात्यक्षिक दुसऱ्याच्या हातानं करायला लागले. अॅसिटोनची बाटली सभामंडपात लांब ठेवली, तिथेच एक कापसाचा बोळा ओला केला, आणि तेवढाच आत दिला. "मागच्या बाजूला, कानाच्या खाली घास. आता बोट लाव. चिकट लागतंय?"

"न्हाय. ठणठणीत हाय," बसू अण्णा म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "टू-के क्लिअर हाय तो. हार्डनर घालून मारलाय. गाडीवर असता तर धा वर्षं हलला नसता."

"गाडी तू आधी धुतोस, अण्णा. कोरडी करतोस."

"मग?"

"याला धुतला होतास?"

तो बापाकडे बघायला लागला.

मी त्यांना समजावून सांगितलं. साधं लाखेचं वार्निश असतं तर ते द्रावकात विरघळलं असतं, साखर पाण्यात विरघळते तसं. हा थर विरघळत नाही. हार्डनरमुळे त्याचं आतून जाळं विणलं जातं. ते फक्त फुगवता येतं, आणि फुगलं की धातूवरची पकड सोडतं. आमच्या लॅबमध्ये चुकलेल्या भागांवरचा रंग काढायला एक जेल वापरतात. हळू काम करतं, पण सहज पेट घेत नाही आणि पितळाला खात नाही. ते लावायचं, वर प्लास्टिक गुंडाळायचं, वाट बघायची.

"ब्लोअरनं जाळला तर?" बसू अण्णा म्हणाला. "दोन मिन्टाचं काम."

"कान वेगळे ओतून डाक देऊन जोडलेत. डाक आधी वितळेल. कान तुझ्या हातात येतील."

"मग संडास धुवायचं अॅसिड?" हे काका.

"देवाला?"

"बरं बरं. न्हाय तर थिनर हायच की गॅरेजात, ड्रमभर."

"थिनरचं नाव पण काढू नका." मी उठून उभी राहिले. "थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरकते. ही खोली म्हणजे खड्डा आहे, खिडकी नाही, आणि खड्ड्याच्या तळाला तुम्ही दिवा ठेवलाय. जेल वापरलं तरी बंद खोलीत मी हे करू देणार नाही. एक तर मुखवटा बाहेर आवारात आणा. नाहीतर दिवा विझवा, दारं सताड उघडी ठेवा."

स्वामींनी कानांवर हात ठेवले. मी काहीतरी घाणेरडं बोलले असावे तसे.

"दिवा विझत न्हाय," स्वामी म्हणाले. "माझ्या आज्ज्यानं लावलेला हाय. आणि मुखवटा पालखीबिगर उंबरा वलांडत न्हाय."

"गॅरेजचा उंबरा कसा ओलांडला मग?"

"तवा पालखीत हुता," स्वामी म्हणाले आणि भिंतीकडे बघायला लागले.

काकांनी हात जोडले, पण ते नमस्काराचे नव्हते. "शिकल्यावर पोरी अशाच. हे न्हाय, ते न्हाय, हितं धोका, तितं धोका. तू फकस्त ते जेल का काय ते आणून दे. बसू बघतोय पुढचं. जुना निघाला की त्याच्यावर एकदम भारी कोट मारायचा हाय. जर्मनीचा."

"परत कोट?"

"मग काय उघडा ठिवायचा?"

मी तिथून निघाले. मला वाटलं होतं की त्यांना चूक कळलीय. त्यांना चूक नाही, फक्त डाग दिसत होते. माझ्याकडून त्यांना देवाचा चेहरा मोकळा करून हवा होता, पुन्हा बंद करण्यासाठी.

घरी मी सगळं अव्वाला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, नको आपल्याला. ती लसूण सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "पैला कोट तरी निघू दे. त्याचा जीव गुदमरला आसंल आत."

मी लॅबमधल्या आमच्या साहेबांना विचारून जेलचा एक डबा आणला. दोन दिवस काकांना फोन केले. उचलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उचलला आणि "पंचांचं बोलणं चाललंय" म्हणाले. पंचांमध्ये बोलणारे तेच असतात.

शनिवारी माझी अर्धी पाळी होती. एकदा शेवटचं सांगून बघावं म्हणून डबा, हातमोजे, चष्मा पिशवीत घालून मी बसस्टॉपवरून थेट देवळाकडे गेले. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. ज्यानं कधी रंगकाम बघितलंय त्याला तो वास सांगायला नको. गोडसर, घशाला लागणारा. मी धावत सुटले.

सभामंडपात चनमल्लप्पा काका खुर्चीवर, तोंडाला रुमाल. शिवयोगी स्वामी खांबाला टेकून, उपरणं नाकावर. गाभाऱ्यात बसू अण्णा हाफ चड्डीवर मांडी घालून बसला होता, शेजारी थिनरची बादली, मांडीवर मुखवटा, मुखवट्याभोवती थिनरमध्ये भिजवलेल्या चिंध्या. आणि त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर नंदादीप. ज्योत एरवी सरळ असते. आज तिच्या बुडाशी निळसर काहीतरी हलत होतं.

"लई वास कोंडलाय," काका म्हणाले आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"बटण दाबू नका!"

मी आयुष्यात एवढी ओरडले नव्हते. काकांचा हात हवेतच राहिला. बटणात ठिणगी पडते, हे त्यांना सांगायला वेळ नव्हता. मी पिशवी टाकली, वाकले आणि आत गेले. वात बोटानं तेलात दाबली. चर्र झालं, बोट भाजलं, अंधार झाला.

"अण्णा, ऊठ."

तो उठेना. हसत होता. डोळे लाल, मान लुळी. "काय झालं गं," म्हणाला, दारू प्यायल्यासारखा. मी मुखवटा त्याच्या मांडीवरून उचलून फरशीवर ठेवला, त्याच्या बनियनची मान धरली आणि ओढत उंबऱ्याबाहेर काढला. आवारात बेलाच्या झाडाखाली बसवला तसा तो ओकला. बादली आणि चिंध्याही मीच बाहेर आणून लांब उघड्यावर ठेवल्या.

परत वळले तर दोघंही माझ्याकडे बघत होते. बसू अण्णाकडे नाही, माझ्याकडे.

"दिवा मारलास," स्वामी म्हणाले.

"स्वामी, स्फोट झाला असता."

"दिवा मारलास तू. बाई आत गेली आणि दिवा मारलास."

"तुमचा मुलगा बघा!" मी काकांना म्हणाले. "त्याच्याकडे बघा आधी!"

"तेला काय धाड भरलीय, थिनर तेच्या रोजचं हाय," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू देवाच्या अंगावर गेलीस. आता गावाला काय तोंड दाखवू मी? सोमवारी पालखी हाय!"

मी त्यांना काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. वाफेचं वजन, ठिणगी, बंद खोली, हे सगळं मी पुन्हा सांगितलं असावं, ओरडून, आणि मध्ये मध्ये काही शब्द जे मी लॅबमध्ये फिटर लोकांकडून शिकले आहे. गल्लीतली माणसं फाटकात जमली. कुणीतरी अव्वाला सांगितलं असणार, कारण ती आली तेव्हा पदर खोचलेलाच होता.

तिनं आधी बसू अण्णाला बघितलं. त्याच्या तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली, "खोल श्वास घे बाळा, भाईरच बस" म्हणाली. मग सभामंडपाच्या पायरीशी येऊन विचारलं, "मुखवटा कुटं हाय?"

"आत," मी म्हणाले.

"वैनी, तुमच्या पोरीनं—" काकांनी सुरुवात केली.

"बघितलं. दिवा इझलाय. ती आत जाऊन आलीय. आता बाटायचं काय राह्यलंय हो तुमचं?" ती माझ्याकडे वळली. "भुवी, काढ त्येला भाईर."

दारं उघडी टाकून वाफ निघून जाईपर्यंत मी थांबले. मग हातमोजे घालून मुखवटा आणला आणि बेलाच्या सावलीत एका फळीवर ठेवला. कुणी अडवलं नाही. मला वाटतं त्यांना वाटलं की आता सगळं बिघडलंच आहे, तर जे होईल त्याचा दोष हिच्यावर.

राग हातात उतरला की हात घाई करतात, आणि या कामात घाई चालत नाही. मी आधी सगळं थिनर पुसून काढलं. डोळ्यांवर चष्मा, जेल ब्रशनं जाड थरात, मिशीच्या खाचांत, नागांच्या फण्याखाली. वर प्लास्टिक गुंडाळलं. मग बसून राहिले. अव्वा बाजूला बसली. फाटकातल्या बायका एकेक करून आत आल्या, लांबून बघू लागल्या. बसू अण्णा आता सावध झाला होता. तो पण येऊन बसला.

"मी सांगिटलं हुतं आमच्या अप्पांना," तो हळूच म्हणाला, "भुवीला बोलवू म्हणून."

"मला सांगू नको. त्यांना सांग."

तो खाली बघायला लागला.

ऊन कललं तेव्हा प्लास्टिक काढलं. कोट दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. लाकडी पट्टीनं ढकलला तसा गुंडाळी होऊन निघाला. खाचांतला जुन्या दातांच्या ब्रशनं काढला. सगळा कचरा एका पत्र्याच्या डब्यात गोळा केला, कारण एक बाई तो गटारीत ओतायला निघाली होती. जिथे घट्ट होता तिथे दुसरा हात दिला. खालून आधी काय निघालं तर कुंकू. दोन वर्षांपूर्वीच्या पालखीतलं कुंकू, अजून लाल, त्यावर हळद, वाळलेलं गंध. नंतर हिरवा, तपकिरी थर. ते ओल्या फडक्यानं आणि थोड्या खडूच्या पुडीनं अलगद पुसलं, आणि चेहरा आला. पिवळा, मंद, ओला.

अव्वा पुढे वाकली. "आला गं," म्हणाली.

काका इतका वेळ सभामंडपात होते. आता ते भिंतीवरचा एक फोटो काढून घेऊन आले. जुना, काळा-पांढरा, काचेत. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

"तू शिकलेली हाईस ना? सायन्सवाली? मग बघ. हे नाक बघ फोटोतलं. आणि हे बघ."

मी बघितलं. फोटोतल्या मुखवट्याचं नाक धारदार होतं, नाकपुड्यांची वळणं स्पष्ट, मिशीचे केस एकेक कोरलेले. फळीवरच्या चेहऱ्याचं नाक गोल झालं होतं. मिशी म्हणजे नुसता फुगवटा उरला होता.

"कुणी झिजवलं? बसूच्या कोटानं? तुमच्या घराण्यानं, चिंचा आणि विटा घासून घासून! म्हणून कोट मारला मी. मूर्ख म्हणून न्हाय मारला."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला त्यांचं म्हणणं खोडून काढायचं होतं. खोडता येईना. विटकरीची पूड पितळापेक्षा कठीण असते. चिंच वरचा थर सैल करते, पूड तो घेऊन जाते. दरवर्षी थोडं थोडं.

"काका बरोबर सांगतायत, अव्वा," मी म्हणाले. "घासण्यानं झिजलंय."

काकांच्या चेहऱ्यावर जो विजय दिसला तो मला सहन झाला नाही. म्हणून मी लगेच पुढचं बोलले, आणि मला वाटतं मी हुशारीनं बोलले. कोट असावा, पण काढता येईल असा. मेणाचा. पातळ थर, मऊ फडक्यानं. दरवर्षी पालखीच्या आधी जुनं मेण उतरवायचं, नवं द्यायचं. घासायचं नाही, म्हणून झीज नाही. उघडा नाही, म्हणून डाग नाहीत. "आणि ते काम अव्वा करेल," मी म्हणाले. "गाभाऱ्यात जाऊन. वर्षातून एकदा, पहिल्यासारखं."

काकांनी विचार केला. स्वामींकडे बघितलं. स्वामींनी मान हलवली. फाटकात माणसं होती, सोमवारी पालखी होती, त्यांनाही हे मिटवायचं होतं.

"हे चालंल," काका म्हणाले. "हे बरंय. वैनींचा मान पण ऱ्हाईल."

मी अव्वाकडे वळले. मला वाटलं होतं ती हसेल.

"म्हंजे मला आत जायला काम लागतंय?" ती म्हणाली.

"अव्वा, तसं नाही—"

"तसंच हाय. आदी घासायला, आता मेण फासायला." ती उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी जन्मात तिला अशा आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "हा बसू चड्डीवर बसला हुता आत. बादली घिऊन. त्येला कुणी इचारलं का, तुझा मान काय? त्येनं देवाचं तोंड बिघडवलं, परत जाळायला बसला, तरी त्यो आतला. आणि मी इतकी वर्सं त्येचं तोंड धुतलं, मी मोलकरीण. हाताला काम आसंल तर ये, न्हाय तर भाईर थांब."

"वैनी, पद्धत हाय ती," काका म्हणाले.

"पद्धत! रोज सकाळी माजा देव माज्या तळहातावर आसतो. तवा कुटं आसतो हो तुमचा उंबरा?" मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तू पण, भुवी. मेण म्हनं. येवढी शिकून माज्यासाटी कामच शोधलंस."

माझं तोंड उतरलं. चनमल्लप्पा काका दिवसभर जे बोलले त्यातलं काही मला एवढं लागलं नव्हतं. लागलं कारण ते खरं होतं. ज्यांच्यावर मी आठवडाभर चिडले होते त्यांच्याच उंबऱ्याच्या मापानं मी उत्तर काढलं होतं.

"मेण त्या बसूला शिकव," अव्वा म्हणाली. "त्येनं घाण केलीय, त्यो निस्तरंल."

"शिकतो की, काकू," बसू अण्णा पटकन म्हणाला. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा खाली बघायला लागला.

अव्वानं नळावर हातपाय धुतले. पदर डोक्यावरून घेतला. हात रिकामे होते. सभामंडप चढली, स्वामींच्या समोरून गेली, वाकली, आणि गाभाऱ्यात जाऊन रिकाम्या चौथऱ्यासमोर मांडी घालून बसली.

शिवयोगी स्वामी उंबऱ्याबाहेर नवी वात आणि काड्यापेटी घेऊन उभे होते. त्यांना दिवा लावायचा होता. लावायचा तर आत जायला हवं, आणि आत अव्वा बसलेली.

"वैनी," ते म्हणाले, "काय काम हाय आत?"

"काय न्हाय. सुम्ने," अव्वा म्हणाली. मैंदर्गीला उगीच, काही कारण नसताना काही केलं की असंच म्हणतात. मग ती कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायला लागली. ते आमच्यासाठी नव्हतं.

काका चप्पल घालून पुन्हा काढत होते. "स्वामी, लावा तुमी दिवा. लावा म्हंजे ती उठंल."

स्वामींनी माझ्याकडे बघितलं. "वास गेला का गं? लावू का?"

मी उंबऱ्यात वाकून नाक लावलं. वास गेला होता. दारं दुपारपासून उघडी होती, फरशी कोरडी होती, वाऱ्याची झुळूक थेट आतपर्यंत जात होती. काडी ओढली असती तर काही झालं नसतं. हे मला जितकं नक्की माहीत होतं तितकं त्या दिवशी दुसरं काही माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "अजून आहे. काडी ओढू नका."

"मग ती कशी बसलीय आत?" काका ओरडले.

"तिला काही होत नाही. काडी ओढली तर होईल."

"किती येळ लागंल?"

"सांगता येत नाही, काका."

स्वामींनी काड्यापेटी कनवटीला लावली आणि पायरीवर टेकले. आतून अव्वाचा आवाज येत होता, कुणाला तरी भरपूर झापल्यासारखा. मी उंबऱ्यात उभी राहिले. थोड्या थोड्या वेळानं काका विचारायचे, गेला का वास, आणि मी वाकून आत श्वास घ्यायचे, आणि म्हणायचे, नाही, अजून आहे.